राख निवल्यावर

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे बाजाराचे गाव आहे. आज ते बारामती तालुक्यात मोडते, तेव्हा भीमथडीत होते. त्या दिवशी गावचा आठवडे बाजार होता. आसपासच्या खेड्यांतून आलेले कुणबी बाजारहाट सोडून सावकारांच्या दुकानांकडे वळले. कापडाची, धान्याची दुकाने लुटली गेली, घरे फोडली गेली, आग लावली गेली. पण लुटणाऱ्यांचा खरा रोख कापडावर किंवा धान्यावर नव्हता. त्यांना कर्जाची खते हवी होती. जिथे ती हाती लागली, तिथे ढीग करून पेटवण्यात आली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पोचले. सावकाराने खते मुकाट काढून दिली तर बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागत नसे. नाही म्हटले की मारहाण होई, कडब्याच्या गंजी पेटत. एवढ्या मोठ्या मुलखात हा प्रकार होऊनही माणसे मात्र फारशी मारली गेली नाहीत. इतिहासात याला दख्खनचे दंगे असे नाव पडले आहे.

दंगा आणि लुटालूट झाली म्हणजे राज्यकर्त्यांनी काय करावे, हा प्रश्न तेव्हा होता आणि आजही आहे. आपल्याकडे त्याची दोन उत्तरे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, हात सैल सोडू नका, लाठी चालवा, गोळी घाला, पुन्हा कोणाची हिंमत होता कामा नये. दुसरा पक्ष म्हणतो, माणसे उगाच पेटत नाहीत, त्यांचे दुःख समजून घ्या. दोघेही आपापल्या जागी थोडे खरे असतात, आणि दंगा शमला की दोघेही घरी जातात. शमल्यानंतरच्या दिवसांत काय करायचे, हे सांगणारा माणूस क्वचित भेटतो. मला तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रात भेटला. समाजसुधारक रानडे, प्रार्थना समाजाचे रानडे, मराठ्यांच्या सत्तेचा इतिहास लिहिणारे रानडे आपण शाळेत वाचलेले असतात. गावोगाव फिरून कर्जाच्या दाव्यांची दप्तरे तपासणारे रानडे सहसा वाचनात येत नाहीत. आजचा हा लेख त्यांच्याविषयी आहे.

माझा त्यांच्याशी संबंध जुळला तो नोकरीमुळे. माझी बँकेतली उमेदीची वर्षे ठाणे जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत गेली. शेतीकर्जाची कागदपत्रे करणे, गावात जाऊन वसुली करणे, म्हैस खरोखरच गोठ्यात आहे की फक्त कागदावर आहे हे पाहणे, असे ते काम. मुरबाडहून टोकावड्याच्या पुढे गेले की माळशेज घाट लागतो आणि घाट चढला की जुन्नर, म्हणजे पुणे जिल्हा. ही जिल्ह्याची हद्द एके काळी कायद्याचीही हद्द होती, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. त्या हद्दीची गोष्ट पुढे येईलच.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला गेले, त्यामुळे महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा अंगाने दांडगा, बोलण्यात मंद, सहज पाहणाऱ्याला बुद्धीची चमक दिसू नये असा. चौदा-पंधराव्या वर्षी तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेला आणि वाचनाने त्याला झपाटले. इतके, की डोळे अधू झाले. हे दुखणे त्यांना जन्मभर पुरले. मुंबई विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६४ साली एम. ए., १८६६ साली एल्‌एल. बी. मग थोडे दिवस संस्थानी नोकरी, थोडे दिवस एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन, आणि १८७१ साली सबॉर्डिनेट जज्ज म्हणून पुणे.

पुण्यात आदल्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे हातपाय. रानडे आले आणि सभेला डोके मिळाले. सरकारी नोकरीमुळे ते पुढे येत नसत, पण सभेच्या अर्जांत आणि अहवालांत त्यांचा हात असे. सभेने कुणब्यांच्या हलाखीची माहिती गोळा करायला सुरुवात केली ती सुप्याच्या बाजारात दंगा होण्याच्या आधी. सारा किती, उत्पन्न किती, कर्ज किती, व्याज किती. घोषणा देण्यापेक्षा आकडे मांडावेत, ही सवय रानड्यांनी लावली.

त्या आकड्यांमागची कहाणी थोडक्यात अशी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज उरले. त्याच सुमारास इंदापूर, भीमथडी, शिरूर भागात साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. भरीला १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचा दावा तीन वर्षांत लावावा, असा तो नियम कुळाच्या सोयीसाठी म्हणून केलेला. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एक करून त्याच रकमेचे नवे खत लिहून घेऊ लागला. शंभराचे दोनशे आणि दोनशेचे चारशे होताना कुळाचे काम एकच, अंगठा उठवायचा. दावा लागला की अडाणी कुणबी कोर्टात येतच नसे. एकतर्फी हुकूमनामा, जप्ती आणि प्रसंगी तुरुंग. रानडे स्वतः त्याच न्यायव्यवस्थेचे एक अंग होते. कायद्याप्रमाणे निकाल देऊनही अन्याय कसा होतो, हे त्यांना रोजच्या कामात दिसत होते.

सरकारला हे ठाऊक नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. जमीनमोजणी खात्यातल्या विंगेट साहेबाने १८५२ सालीच कायद्यामुळे कूळ सावकाराच्या मुठीत गेले आहे, असा इशारा दिला होता. म्हणजे सुप्याच्या आधी तेवीस वर्षे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला होता. म्हणजे सुप्याच्या आधी पाच महिने. त्यात हिंसा नव्हती, म्हणून कोणी दखल घेतली नाही.

मग सुपे पेटले आणि सरकार जागे झाले. पोलीस आले, लष्कर आले. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२ माणसे धरली गेली. एकूण ९५१ पैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. दंगे झालेल्या गावांवर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करण्यात आला. या कारवाईकडे मी दोन नजरांनी पाहतो. लुटालूट थांबवणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे, त्यात चर्चेला जागा नाही. ज्याचे दुकान फुटते, त्याला त्या क्षणी कारणमीमांसा नको असते, पोलीस हवा असतो; आणि तो सावकार असला तरी हा हक्क त्याला आहेच. पण ९५१ जणांतले ४५० सुटले, म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांवर गुन्हा शाबीत झाला नाही. जादा पोलिसांचा खर्च तर सरसकट बसला. ज्याने मशाल धरली त्यानेही भरला आणि जो दार लावून घरात बसला त्यानेही. आधीच साऱ्याने आणि व्याजाने वाकलेल्या गावावर आणखी एक पट्टी बसवून गाव शांत होते, हा हिशेब मला बँकेत कोणी शिकवला नाही.

सरकारने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मात्र श्रेयाची. त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला. आयोगाने कर्जांचे नमुने पाहिले, साक्षी घेतल्या, कारणे शोधली. त्यातून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली कलमे आजच्या बँकवाल्यालाही विचार करायला लावतील अशी आहेत. न्यायाधीशाने खतावरचा आकडा खरा धरून निकाल द्यायचा नाही, तर मूळ रक्कम किती होती, ती कशी वाढत गेली, हे उकलून पाहायचे. वाजवी व्याज धरायचे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. खत करायचे ते गावच्या निबंधकासमोर, म्हणजे अंगठा कशावर उठतो आहे हे कुळाला समजेल. सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचा. छोट्या दाव्यांसाठी गावमुन्सफ आणि कोर्टाआधी तडजोड घडवून आणणारे पंच नेमायचे. आणि या सगळ्यावर देखरेख ठेवायला एक स्पेशल जज्ज.

या कायद्याचे आणि रानड्यांचे नाते जुळायला मात्र दोन वर्षे लागली; कारण मधल्या काळात खुद्द रानडेच संशयित ठरले होते.

त्यांची पुण्यातली व्याख्याने ऐकायला येणाऱ्यांत लष्कराच्या हिशेब खात्यातला एक कारकून असे, असे सांगितले जाते. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. देश कसा नागवला जातो, याचे आकडे दोघांच्या डोळ्यांसमोर होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात माणसे मरताना दोघांनी पाहिली. फडके डोंगरात गेले, रामोशी आणि कोळी जमवून त्यांनी १८७९ च्या सुरुवातीपासून सावकारांवर दरोडे घातले, त्या पैशांतून राज्य उलथायचे स्वप्न पाहिले. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्यागापुढे आपण नम्रच व्हावे. रानड्यांचा रस्ता निराळा होता. त्यांनी कायद्याची चौकट सोडली नाही आणि आकडेही सोडले नाहीत.

पण सरकारला हा फरक दिसला नाही. रानड्यांना १८७८ साली पुण्याहून नाशिकला हलवले होतेच. मे १८७९ मध्ये पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. त्यानंतर तातडीने त्यांना धुळ्याला पाठवण्यात आले. तिथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रे त्यांच्याकडे येत, आणि ती ते शांतपणे अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करत. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ साली रानड्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले, याबद्दल त्यांना सुधारकांचे बोल खावे लागले. पण त्यांनी या मुलीला शिकवले आणि पुढे तिनेच पुण्याच्या सेवासदनाला आकार दिला. धुळ्याच्या त्या काळात रानड्यांनी ना कांगावा केला, ना राजीनामा दिला. ज्या माणसाला दंग्याची कारणे सगळ्यांत नीट ठाऊक होती, त्याच्यावरच राज्यकर्त्यांनी पाळत ठेवली. अशांततेच्या दिवसांत सरकारांकडून ही चूक वारंवार होते. लोकांत मिसळणारा, त्यांचे म्हणणे लिहून काढणारा मधला माणूस आधी संशयित ठरतो, आणि मग सरकारशी बोलायला फक्त भडकलेलीच माणसे उरतात.

संशय फिटला, तेव्हा सरकारने त्यांना १८८१ साली काही महिने मुंबईत मॅजिस्ट्रेट केले आणि नंतर त्या नव्या कायद्याखाली असिस्टंट स्पेशल जज्ज नेमले. पुढे १८८७ साली ते स्पेशल जज्ज झाले आणि हायकोर्टात जाईपर्यंत पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारही जिल्ह्यांची जबाबदारी त्यांच्याकडे राहिली.

मला रानड्यांच्या आयुष्यातली ही वर्षे फार मोलाची वाटतात. त्यांत नाट्य काहीच नाही. तालुक्याच्या गावी मुक्काम करायचा, खालच्या न्यायाधीशांची, गावमुन्सफांची, पंचांची दप्तरे मागवायची, निकाल बरोबर लागले की नाही ते पाहायचे, चुकले असतील तर दुरुस्त करायचे आणि पुढच्या गावी निघायचे. रमाबाई पुष्कळदा बरोबर असत. अधू डोळ्यांमुळे रानडे वाचून घेत, आणि ते काम त्या करत. कायदा करणारा निघून जातो. तो प्रत्यक्ष चालतो की नाही हे पाहणारा माणूस वर्षानुवर्षे राबावा लागतो, आणि त्याचे नाव कोणी घेत नाही. बँकेत आम्ही इन्स्पेक्शनच्या नावाने बोटे मोडायचो. पण ज्या शाखेत तपासणीस कधीही येऊ शकतो तिथली खातेवही आणि जिथे तो पाच वर्षांत फिरकलेला नसतो तिथली खातेवही, यांत काय अंतर असते ते बँकेत काम केलेल्या कोणालाही विचारा. नियम दोन्हीकडे एकच असतात.

या कायद्यात दोषही होते. सावकारांनी पळवाटा शोधल्या. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, म्हणजे जमीन गेलीच. काही ठिकाणी त्यांनी उधार देणेच आखडते घेतले आणि कुणब्याला पेरणीला पैसा मिळेना. नुसते सावकाराला बांधून भागत नाही, कुळाला पर्यायी पतपुरवठा हवा, हे रानड्यांना दिसत होते. न्यायाधीश असलेल्या विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती आणि पुण्याच्या पुढाऱ्यांचा तिला पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले, पण विलायतेत भारतमंत्र्याने ती नाकारली. तरी रानड्यांनी विषय सोडला नाही. १८९१ साली त्यांनी पतपुरवठ्याच्या फेररचनेवर निबंध लिहिला आणि युरोपातल्या देशांनी शेतकऱ्यांसाठी जमीनतारण बँका कशा उभ्या केल्या, ते आकड्यांनिशी मांडले.

आता त्या हद्दीकडे येतो. १८७९ चा कायदा लागू झाला तो चार जिल्ह्यांना. त्यांत जिथे दंगे झाले ते दोन जिल्हे होते आणि त्यांना लागून असलेले दोन. ठाणे त्यात नव्हते. म्हणजे माळशेजच्या माथ्यावर जुन्नरच्या कुणब्याला खतामागचा हिशेब उकलून मागायचा हक्क मिळाला, आणि घाटाच्या पायथ्याशी मुरबाडच्या कुणब्याला, ठाकराला, कातकऱ्याला तो मिळाला नाही. घाटाखाली सावकारी नव्हती असे थोडेच आहे? घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांनी सावकारांविरुद्ध हत्यार उचलले त्याला तेव्हा पिढी लोटली होती. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी फाशी दिली ती ठाण्याच्याच तुरुंगात. त्यांच्यामागे १८७० च्या दशकात होनाजी केंगले उभे राहिले, सावकारांची नाके कापली गेली, बक्षिसे लागली, शेवटी १८७६ साली तेही पकडले गेले. या दोन्ही वेळी सरकारने बंडवाल्यांची शिकार केली आणि प्रकरण मिटले असे समजून फाइल बंद केली. खते तशीच राहिली.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. जिथे दुकाने लुटली गेली, त्या मुलखाला कायदा मिळाला. जे गप्प राहिले, त्यांना काही मिळाले नाही. मग लोकांनी यातून काय शिकावे? आग लावल्याशिवाय सरकारला ऐकू येत नाही, असेच ना? कडक हाताचा आग्रह धरणारे म्हणतात, दंग्यानंतर सवलत दिली म्हणजे दंग्याला बक्षीस दिले. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही, त्यात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय सवलत नाकारणे हा नव्हे. विंगेट साहेबाचा कागद १८५२ सालीच वाचणे, करड्याच्या बहिष्काराकडे वेळीच पाहणे, हा तो उपाय. शांतपणे मागणाऱ्याला जे द्यायला हवे होते ते दंगेखोराला द्यावे लागते, तेव्हा दोष देण्याचा नसतो, उशिराचा असतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा राष्ट्रीयीकरण होऊन बरीच वर्षे झाली होती, गावोगाव शाखा निघाल्या होत्या. तरी पावसाळ्यात भात उचलायचे आणि सुगीला सवाई-दिडीने फेडायचे, ही रीत डोळखांब, किन्हवली, टोकावडे भागात अगदी संपली होती असे म्हणता येत नव्हते. कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा उठवून आलेली माणसे मी पाहिली आहेत. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने बंद झाली. पण बयाणा घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाला आपले किती फिटले आणि किती राहिले हे मालकाच्या वहीतूनच कळते, आणि ती वही त्याला वाचता येत नाही. माझ्या टेबलासमोर बसून एका म्हाताऱ्याने आपल्या कर्जाची कथा सांगितली होती. आजोबांनी घेतलेले किती, हे त्याला ठाऊक नव्हते. फेडायचे राहिले आहे एवढे पक्के ठाऊक होते. ही माणसे दंगा करत नाहीत. म्हणून तर त्यांच्याकडे आधी पाहायला हवे.

शहरी दंग्यांचीही रीत फार वेगळी नसते. आमच्या शहापूरला लागून भिवंडी. तिथे १९७० साली मोठा दंगा झाला, न्यायमूर्ती मादन यांनी चौकशी केली. १९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागातले पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. नळाच्या पाण्यापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंतच्या कुरबुरी तिथे बोलल्या जाऊ लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, सुमारे ९०० माणसे मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मी त्या वेळी शहापूरला होतो. आसनगाव, आटगाव, खर्डीच्या फलाटांवर मुंबईतले काम टाकून बोचकी आणि पोरे घेऊन उतरणारी माणसे दिसत होती. त्यांना मुंबईपेक्षा भिवंडीचीच धास्ती जास्त होती, कारण जुना अनुभव तसा होता. धास्ती खोटी ठरली, आणि ती एका दिवसाच्या बंदोबस्ताने खोटी ठरलेली नव्हती. मुंबईच्या दंग्यांवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. त्यातल्या शिफारशींचे काय झाले, हे पुढे कित्येक वर्षे लोक विचारत राहिले. अमेरिकेत १९६७ च्या दंग्यांनंतर कर्नर आयोग बसला, इंग्लंडात १९८१ साली ब्रिक्स्टनच्या दंग्यानंतर लॉर्ड स्कारमन यांनी चौकशी केली. दोघांनीही पोलिसांचे वागणे, घरे, बेकारी यांवर बोट ठेवले. अहवाल सगळीकडेच चांगले लिहिले जातात. ते हातात घेऊन गावोगाव फिरणारा माणूस नेमला जात नाही, तिथे घोडे पेंड खाते.

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई हायकोर्टात गेले. तिथे सात वर्षे काम करून १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस असताना, ते वारले. शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ साली. पुढे महाराष्ट्रात गावोगाव सोसायट्या झाल्या, जिल्हा बँका झाल्या आणि पुष्कळ वर्षांनी माझ्यासारखी मंडळी मुरबाडच्या एस्‌टी स्टँडवर सायकल घेऊन उतरली.

रानड्यांनी दंगेखोरांची पाठराखण केली नाही आणि दंग्याचे निमित्त करून कोणा जमातीला गुन्हेगारही ठरवले नाही. लूट थांबवायची, पुराव्याने ज्याचा गुन्हा ठरेल त्याला शिक्षा करायची, गावाला सरसकट झोडपायचे नाही, आणि मग वही उघडून मूळ मुद्दल किती होते ते पाहायचे, एवढाच त्यांच्या कामाचा अर्थ मी लावतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या आजच्या अधिकाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. तुमच्या टेबलावर एखाद्या गावाचा शांतपणे लिहिलेला अर्ज पडला असेल, तर तो आज वाचा. शक्य झाले तर उद्या त्या गावी जाऊन या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा जा.